टँपातला बाजारहाट: प्रकल्प नोंदी

१८ ऑगस्ट २०२४, रविवार

आजपासून ही वही सुरू. न्यू जर्सीत एडिसनला राहायचो तेव्हा ओक ट्री रोडवर एकदा गाडी लावली की पडवळापासून खरवसापर्यंत सगळं हाताशी, त्यामुळे बाजार ही विचार करायची गोष्ट कधी नव्हतीच. इथे फ्लोरिडात टँपाच्या उत्तरेला घर घेतलंय, आजूबाजूला मराठी घरं आहेत बऱ्यापैकी, पण प्रत्येकाला वेगवेगळं माहीत आहे आणि कुणीच ते लिहून ठेवलेलं नाही. म्हणून ठरवलं की वर्षभर नीट नोंद करायची. त्यासाठी कॉम्प्युटरवर एक शीट केलंय, त्यात रकाने: वस्तू, कुठे मिळाली, कोणत्या महिन्यात, कशी होती, परत जाऊ का. महिन्याचा रकाना नवऱ्याच्या सांगण्यावरून घातला, त्याच्या ऑफिसमधल्या इथल्याच माणसाने सांगितलं की फ्लोरिडात भाजीचं वर्ष उलटं चालतं. लावणी ऑगस्ट-सप्टेंबरला, भाजी ऑक्टोबर ते मे, आणि आत्ता भर उन्हाळ्यात शेतं जवळपास रिकामी. म्हणजे सगळ्यात वाईट महिन्यात आलोय, हे लक्षात ठेवून मत बनवायचं.

सुरुवात पब्लिक्स या सुपरमार्केटपासून केली कारण ते प्रत्येक नाक्यावर आहे. कंपनी इथलीच, १९३० मध्ये विंटर हेवनला पहिलं दुकान निघालं, मुख्यालय जवळच लेकलंडला, आणि मालकी बरीचशी कर्मचाऱ्यांचीच. दुकानात माणसं खरंच मदत करतात, वस्तू विचारली की रांगेपर्यंत सोबत येतात. भाजीत कोथिंबीर, आलं, कच्ची केळी, युका (साबुदाण्याचा कंद), पिवळ्या सालीची मोठी पपई हे बाराही महिने दिसतं कारण गिऱ्हाईक निम्मं लॅटिन आहे. दूध, दही, ब्रेड, अंडी इथूनच घ्यायचं ठरलं. एकावर एक फुकट अशी ऑफर दर आठवड्याला बदलते, त्यात ऑलिव्ह ऑइल आणि डिटर्जंट आलं की साठा करायचा.

२५ ऑगस्ट २०२४

भारतीय दुकानं. फाउलर अव्हेन्यूच्या आसपास आणि आमच्या बाजूला मिळून बरीच आहेत, सगळी बघून झाली. कोरडा माल उत्तम. आंबेमोहोर मिळाला, जाडे पोहे, भाजणी, कुळीथ, सोडेसुद्धा मिळाले एका ठिकाणी. ताजी भाजी मात्र ट्रकच्या दिवसावर आहे. तोंडली आणि गवार ट्रक आल्याच्या दिवशी कोवळी असते आणि तीनच दिवसांनी त्याच टोपलीत पिवळी पडलेली असते. म्हणून शीटमध्ये नवीन रकाना, ट्रक कधी येतो. काउंटरवर विचारलं की सांगतात, काही लपवत नाहीत.

दमट हवेची सोय आधीच करायला हवी. रवा, बेसन, डाळीचं पीठ सगळं फ्रीजमध्ये, तांदूळ आणल्याबरोबर दोन दिवस फ्रीझरमध्ये ठेवून मग घट्ट झाकणाच्या डब्यात. पोहे उघडे राहिले तर संध्याकाळपर्यंत मऊ पडतात. चिपळूणला आई पावसाळ्याआधी डबे कसे भरायची ते सगळं इथे बारा महिने करायचं आहे.

८ सप्टेंबर २०२४, ऋषीपंचमी

ही नोंद मोठी होणार आहे.

काल गणपती बसले. मोदकाला ओलं खोबरं फ्रोझन चाललं, पण केळीची पानं विकत घ्यावीच लागली नाहीत, मागच्या रस्त्यावरच्या घराच्या अंगणात केळी आहे, विचारलं तर काकांनी हवी तेवढी कापून न्या म्हटलं. प्रश्न आजचा होता. ऋषीपंचमीची भाजी करायची म्हणजे अळू, माठ, भेंडी, दोडका, लाल भोपळा, सुरण नाहीतर अरवी, मक्याचं कणीस, आणि बैलाच्या कष्टाचं काही नको. भारतीय दुकानात अळू नव्हतं, माठ नव्हता. इथल्या मराठी ग्रुपवर विचारलं तर एका ताईंनी सांगितलं की कॅरिबियन दुकानात जा, तिकडे सगळं असतं.

गेले. छोटं दुकान, बाहेरून पाटी पाहून आत काय असेल ते कळत नाही. आत शिरल्याबरोबर माठाच्या जुड्या, हिरवा माठ, पानं तळहाताएवढी, देठ रसरशीत. जमैकाची माणसं याला कॅललू म्हणतात आणि कांदा-मिरची घालून परततात. त्याशेजारी अळू. याला डशीन. ते उचलणार तेवढ्यात काउंटरच्या मागच्या मावशी पुढे आल्या, गयानाच्या आहेत, त्यांनी दोन जुड्या समोरासमोर धरल्या आणि पान उलटं करून दाखवलं. एका पानाला देठ पानाच्या कडेपासून आत, मध्याकडे चिकटलेला, तो आपला अळू. दुसऱ्याला देठ बरोबर खाचेत चिकटलेला, ते त्यांच्याकडचं टानियाचं पान, वेगळं झाड, जाड आणि जास्त खाजरं. वडी करायची तर पहिलंच घ्या, आणि आंबट काहीतरी घालायला विसरू नका म्हणाल्या. म्हटलं चिंच घालतो. मान डोलावली आणि म्हणाल्या, बरोबर.

तिथेच भेंडी, दोडका, कारली, चवळीच्या हातभर लांब शेंगा, शेवगा, लाल भोपळ्याची फोड, अरवी, आणि वांगी लांबट. शेंगांना त्या बोडी म्हणतात, शेवग्याला साइजन, वांग्याला बैगन. मला वाटतं आपण इथे येणाऱ्या प्रत्येकाने हा इतिहास माहीत करून घ्यावा: १८३८ मध्ये भारतातून पहिली जहाजं गयानाला गेली, १८४५ च्या मे महिन्यात फातेल रझाक हे जहाज ट्रिनिडादला पोचलं, आणि बिहार-उत्तर प्रदेशातली माणसं उसाच्या मळ्यावर करारावर राबायला नेली ती तिथलीच झाली. मळ्याच्या कडेला त्यांनी जे लावलं ते त्यांच्या पुढच्या पिढ्यांनी टिकवलं, आणि आता ती पिढी फ्लोरिडात दुकान चालवते. त्यामुळे मला माझ्या ऋषीपंचमीची भाजी टँपात ताजी मिळते. बराचसा माल इथलाच आहे, दक्षिणेला होमस्टेडच्या शेतांत दुधी, दोडका, कारलं, चवळी सगळं पिकतं.

भाजी झाली. अळूवड्याही झाल्या, उरलेल्या पानांच्या. घसा अजिबात खवखवला नाही कुणाचा.

शीटमध्ये मोठ्या अक्षरात: ताज्या भाजीला आधी कॅरिबियन दुकान, मग भारतीय.

२२ सप्टेंबर २०२४

मावशींनी सांगितलेल्या रोटी शॉपमध्ये जेवलो. डबल्स घेतले, म्हणजे हळदीच्या दोन मऊ तळलेल्या बाऱ्यांमध्ये पातळसर छोले, वरून चिंच आणि काकडीची चटणी आणि पेपर सॉस, जो फार जपून. ढालपुरी फारच सुंदर, आत भरडलेल्या पिवळ्या वाटाण्याचं जिऱ्यावर परतलेलं सारण, इतकी पातळ लाटलेली की आरपार दिसतं. सोबत भोपळ्याची तालकारी, लसूण सढळ. मुलाने दोन खाल्ल्या. शाकाहारी माणसाला तिथे पोटभर मिळतं हे महत्त्वाचं, कारण सासूबाई डिसेंबरात येणार आहेत.

एक कामाची गोष्ट सापडली. फ्लोरिडात हॉटेलांची तपासणी डीबीपीआर नावाचं राज्याचं खातं करतं आणि प्रत्येक तपासणीचा अहवाल सगळ्यांना ऑनलाइन बघता येतो. इथे दारावर ए, बी अशी ग्रेड लावायची पद्धत नाही, त्यामुळे स्वतःच बघावं लागतं. आता नियम असा की शीटमध्ये कोणतंही हॉटेल चढवायच्या आधी मागच्या दोन तपासण्या वाचायच्या. किरकोळ शेरे सगळ्यांनाच असतात, तापमानाचे आणि किड्यांचे शेरे परत परत असतील तर ते नाव घ्यायचं नाही. आमच्या बाजूच्या एका नावाजलेल्या भारतीय हॉटेलचं नाव याच कारणाने बाहेर राहिलं.

१४ ऑक्टोबर २०२४

लागोपाठ दोन वादळं. २६ सप्टेंबरला हेलीन, किनाऱ्याच्या भागात पाणी शिरलं, आणि ९ ऑक्टोबरच्या रात्री मिल्टन. आम्ही सुखरूप आहोत, लाईट आज आली. सेंट पीटर्सबर्गकडे खूप हानी झालीय, ओळखीच्या एका कुटुंबाचं तळमजल्याचं सगळं गेलं, त्यांना दोन दिवस डबा पोचवला.

वादळाच्या शिध्याची यादी आत्ताच लिहून टाकते, ताजं आहे तोवर. वादळाच्या तीन दिवस आधी दुकानातलं पाणी आणि ब्रेड संपतो, पण भारतीय आणि कॅरिबियन दुकानात शांतपणे सगळं मिळत होतं. कामाला आलं ते: मेतकूट, दडपे पोहे (चूल लागत नाही), सातूचं पीठ, दशम्या, तिळाची आणि शेंगदाण्याची चटणी, खाकरे, केळी, लिंबं, कोकम आगळ. आदल्या दिवशी फ्रीझरमधलं सगळं एकत्र दाबून भरायचं आणि मधे पाण्याच्या गोठवलेल्या बाटल्या, दार उघडायचं नाही. गॅसची छोटी शेगडी फक्त बाहेर, अंगणात, कधीच घरात किंवा गराजमध्ये नाही.

स्ट्रॉबेरीची लावणी नेमकी याच दिवसांत असते, प्लँट सिटीच्या शेतांत पाणी भरलं म्हणतात. हंगाम कसा जातो बघू.

२७ ऑक्टोबर २०२४, रविवार

थाई देऊळ. वाट मंगोलरतनाराम, पाम रिव्हरच्या काठावर, लाल-सोनेरी छपराचं. दर रविवारी सकाळी आवारात बाजार भरतो. बायका-पुरुष सेवेला येतात आणि मोठमोठ्या पातेल्यांतून नूडलचं सूप वाढतात, पैसे देवळाला. आम्ही नऊच्या आत पोचलो तरी सूपची रांग होती. मोठ्या ओकच्या झाडांखाली बाकं आहेत, नदी समोर, तिथे बसून खायचं. तळलेली केळी आणि तळलेलं अळकुडीचं काप, तीळ-खोबऱ्याच्या पिठात बुडवून काढलेलं, गरमागरम, कागदी पिशवीत. नारळाच्या दुधातले छोटे गोल पॅनकेक, वर कांद्याची पात, ते ओतीव खापरात करतात आपल्या आप्पेपात्रासारख्याच. देवळात जाऊन बसलो थोडा वेळ, चपला बाहेर, कुणी काही विचारत नाही.

याच आवारात रोपं आणि भाज्या विकतात. थाई तुळस, गवती चहा, गलांगल (आल्यासारखं मूळ), आणि कढीपत्ता नाही पण लिंबाची पानं. नोंद: रोख पैसे घेऊन जा, अकरानंतर बरंच संपतं.

१ नोव्हेंबर २०२४, लक्ष्मीपूजन

फराळ निम्मा घरी, निम्मा इथल्या एका ताईंकडून. त्या चिवडा, शंकरपाळी, बेसनलाडू घरून करून रीतसर विकतात. फ्लोरिडाचा कॉटेज फूडचा कायदा चांगला आहे, घरच्या स्वयंपाकघरात केलेले न नासणारे पदार्थ परवान्याशिवाय विकता येतात, २०२१ पासून वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत. फक्त लेबल नीट लावायचं, त्यावर हा माल घरगुती आहे आणि राज्याच्या अन्नसुरक्षा नियमांखाली येत नाही असं छापावं लागतं. फ्रीजमध्ये ठेवायच्या वस्तू यात बसत नाहीत, म्हणून श्रीखंड नाही. ग्रुपमधल्या ज्यांच्या हाताला चव आहे त्यांनी हे करावंच असं मला वाटतं, मागणी खूप आहे.

२८ डिसेंबर २०२४

सासूबाई आल्यात. त्या मासे खात नाहीत पण बाजार बघायला सगळीकडे येतात, आणि त्यांची नजर पक्की आहे.

कॉर्टेझला गेलो, ब्रेडन्टनच्या पश्चिमेला, सरासोटा खाडीवरचं जुनं कोळीवाड्यासारखं गाव. वादळाचा मार अजून दिसतो, ढिगारे आहेत रस्त्याकडेला, पण होड्या निघतायत. आत्ता मलेटचा हंगाम, म्हणजे आपली बोय. थंडी पडायला लागली की थवेच्या थवे अंडी घालायला बाहेर पडतात. मोठी गिलनेट जाळी इथे १९९५ पासून बंद आहेत, त्याआधीच्या वर्षी लोकांनी मत देऊन राज्यघटनेतच तसं घातलं, त्यामुळे बोय आता हाताने फेकायच्या जाळ्याने धरतात, कोकणातल्या पागासारखंच. गाबोळीची मोठी निर्यात होते, मासा मात्र स्वस्त. मी गाबोळीसकट घेतला, डोळे स्वच्छ, कल्ले लालभडक, नाकाला समुद्राशिवाय काही वास नाही. घरी हळद-मीठ-आगळ लावून रव्यात तळला, गाबोळी वेगळी, तिखट लावून. बोयला थोडा चिखलट वास येतो म्हणून बरेच लोक नाव ठेवतात, पण तो मासा कुठल्या पाण्यातला त्यावर आहे, या किनाऱ्यावरची वाळू स्वच्छ असल्याने मला काही जाणवलं नाही.

बाकी माशांचं: स्पॅनिश मॅकरल ही सुरमईची लहान बहीण, पातळ तुकड्या करून तळायला सुंदर. किंग मॅकरल सुरमईच्याच जवळची, पण तिच्यात पारा जास्त असतो, गरोदर बायका आणि मुलांनी खाऊ नये असं इथलं सरकारी अन्न-औषध खातं, एफडीए, सांगतं, म्हणून आमच्या घरात बंद. कोळंबी घ्यायची तर गल्फची गुलाबी. पापलेट, बोंबील फ्रोझनच, हलाल दुकानात.

सासूबाईंना कॅरिबियन दुकानात लाल अंबाडीची बोंडं दिसली. नाताळात त्याचं सॉरल नावाचं सरबत करतात ही माणसं, आलं-लवंग घालून. सासूबाईंनी चटणी केली. आम्ही सरबतही केलं, आता दरवर्षी करणार.

११ जानेवारी २०२५, शनिवार

प्लँट सिटी. अर्ध्या-पाऊण तासावर, आय-४ महामार्गाने. अमेरिकेत हिवाळ्यात जी ताजी स्ट्रॉबेरी मिळते तिचा मोठा वाटा या एका पट्ट्यातून जातो. आपण महाबळेश्वरची बघितलेली असते, डोंगरावरची, लाल मातीतली. इथे सपाट वाळू, उंच वाफे, वाफ्यावर काळं प्लास्टिक आणि त्याला भोकं पाडून रोप. वाण जवळच्याच बामच्या संशोधन केंद्रात तयार होतात, युनिव्हर्सिटी ऑफ फ्लोरिडाचं आहे ते. ब्रिलियन्स आणि सेन्सेशन ही दोन नावं शेतावर ऐकायला मिळतात. पर्ल म्हणून पांढरट गुलाबी जातही आहे, अननसासारखा हलका वास.

या आठवड्यात थंडी आहे. शेतकरी गारठ्याच्या रात्री पिकावर रात्रभर पाणी मारतात, त्याचा बर्फ होतो आणि तो होत असताना उष्णता सुटते म्हणून फूल-फळ शून्याच्या खाली जात नाही. यालाही किंमत आहे. २०१० च्या जानेवारीत अकरा दिवस थंडी टिकली, सगळ्यांनी एकदम जमिनीतलं पाणी उपसलं आणि पातळी इतकी खाली गेली की आसपास सिंकहोल पडले, म्हणजे जमीन खचून खड्डे, लोकांच्या विहिरी आटल्या. स्वस्तातली पेटी उचलताना हे आठवावं.

पार्क्सडेलच्या मार्केटमध्ये गेलो, फळ घेतलं, आणि शॉर्टकेक खाल्ला, भरपूर. पण खरी चव स्वतः तोडून घ्यायच्या शेतावर. देठापर्यंत लाल झालेलं तेवढंच तोडायचं, खांद्याकडे पांढरं असेल तर ते पुढे पिकत नाही. घरी आणून न धुता, एक थर, कागदावर, फ्रीजमध्ये. धुवायचं खायच्या वेळी.

१४ जानेवारी, संक्रांत. सुगडासाठी ऊस लॅटिन दुकानात मिळाला. क्यूबन कॅफेत उसाचा ताजा रस मिळतो, ग्वारापो. ऊस ओकीचोबी तलावाच्या दक्षिणेला पिकतो, प्रचंड शेती आहे तिथे.

१६ फेब्रुवारी २०२५

मेक्सिकन दुकानं. प्लँट सिटी, डोव्हर, विमौमा इथे शेतावर काम करणारी बहुतेक माणसं मेक्सिकोची, आणि ती जिथे बाजार करतात ती दुकानं लहान, साधी आणि भाजीला अतिशय उत्तम. आज काय काय मिळालं: घोळ, त्यांचं व्हरडोलागास. भोपळ्याची फुलं. ओला हरभरा घाट्यांसकट. पेरू, वास दारातच यावा असा. गूळ म्हणून पिलोन्सियो, शंकूच्या आकाराचा, उसाच्या रसाचाच, जरा कडवट मळीची चव, पुरणाला चालत नाही पण चिंचगुळाच्या आमटीला छान. कोथिंबिरीची जुडी पब्लिक्सच्या दुप्पट आणि मुळांसकट. ताजी मिरची चार प्रकारची, सेरानो आपल्या भाजीला योग्य.

टोमॅटोबद्दल लिहायचं राहिलं होतं. रस्किन, इमोकली, पाल्मेटो, सगळा टोमॅटोचा मुलूख, आणि तरी दुकानातला टोमॅटो बेचव. कारण तो हिरवाच तोडतात, कडक, आणि मग खोलीत इथिलीन वायू देऊन लाल करतात, म्हणजे ट्रकमध्ये हजार मैल टिकतो. रंग येतो, रस येत नाही. सार करायचं असेल तर शेताच्या कडेच्या स्टँडवर झाडावर पिकलेला मागायचा, नोव्हेंबर-डिसेंबर आणि परत एप्रिल-मे. तिथली बाई न विचारता सांगते कोणता आजचा आणि कोणता कालचा. इमोकलीच्या तोडणी कामगारांच्या संघटनेने फेअर फूड नावाचा करार उभा केलाय, मोठे खरेदीदार पाउंडामागे थोडे जास्त देतात ते मजुरीत जातात. शक्य तिथे त्या करारातल्याकडून घ्यायचं असं आम्ही घरात ठरवलंय.

९ मार्च २०२५

यबोर सिटी, टँपातलाच जुना भाग. शंभर वर्षांपूर्वी इथे क्यूबन, स्पॅनिश आणि सिसिलियन माणसं विडी नाही, सिगार वळायची. कोलंबिया हॉटेल १९०५ पासून सुरू आहे, सेगुंडा बेकरी १९१५ पासून. बेकरीत लांब पाव भाजताना वर पाल्मेटो नावाच्या बुटक्या पामचं हिरवं पान ठेवतात, त्या रेषेवर पाव फुटतो. गरम पाव आणि दूध घातलेली कॉफी, बस. शाकाहारी माणसाला क्यूबन हॉटेलात काळा घेवडा, भात, पिकलेल्या केळ्याचे तळलेले काप, लसूण-लिंबाच्या रसातला युका. पण विचारून घ्या, घेवड्यात बऱ्याच ठिकाणी डुकराचं मांस असतं.

१९ एप्रिल २०२५

कढीपत्ता लावला, अखेर. नर्सरीतून, टॅग असलेला. कढीपत्ता संत्र्या-लिंबाच्या कुळातला, आणि सिट्रस सायलिड हा किडा त्यावर पोसतो. हाच किडा ग्रीनिंग हा संत्र्या-लिंबाच्या झाडांचा रोग पसरवतो. फ्लोरिडात तो रोग २००५ मध्ये सापडला, आणि २००३-०४ ला चोवीस कोटी पेट्या देणारी इथली संत्र्याची शेती आता सव्वा कोटी पेट्यांच्या आसपास आली आहे. रस्त्याने जाताना वाळलेल्या बागा दिसतात, काहींवर घरं उठलीत. त्यामुळे रोप राज्याबाहेर न्यायला बंधनं आहेत आणि ती पाळायलाच हवीत. एडिसनच्या मैत्रिणी फांदी पाठव म्हणतात, नाही पाठवणार. रोपाच्या कोवळ्या शेंड्यांवर लक्ष ठेवायचं, पानं वळायला लागली तर लगेच बघायचं.

ब्लूबेरी आत्ता जोरात आहे, शेतावर. दोन डबे भरून फ्रीझरमध्ये ठेवले.

१२ जुलै २०२५

आंबा. ही नोंद लिहायला वर्षभर थांबले.

पाइन आयलंडला गेलो, फोर्ट मायर्सच्या पश्चिमेला, अडीच तास. २०२२ च्या इयन वादळात इथल्या बागा मोडल्या होत्या, आता परत उभ्या राहतायत, बुंध्यापासून नवी फूट दिसते. टँपात गारठा पडतो म्हणून आंबा धरत नाही फारसा, सेंट पीटर्सबर्गला पाण्याच्या उबेमुळे अंगणात झाडं आहेत, पण बागेत बसून आंबा निवडायचा तर खालीच जायला हवं.

आपल्या सगळ्यांची सवय, हापूस नाही म्हणून आंबा नाही. मला हे पटत नाही. १८८९ मध्ये भारतातून मलगोबाची कलमं फ्लोरिडात आली, १८९४-९५ च्या थंडीत जवळपास सगळी गेली, एक जगलं. त्याच मलगोबाच्या कोयीतून मायामीजवळ हेडन झाला, आणि हेडनच्या कोयीतून टॉमी ॲटकिन्स, तोच लालभडक, तंतूंचा, जो अमेरिकेतल्या प्रत्येक दुकानात असतो कारण तो टिकतो आणि मार खात नाही. टॉमीवरून फ्लोरिडाच्या आंब्याला जोखू नये. बागेत ज्या जाती चाखल्या: कॅरी, मऊ, बिनतंतू, गडद वास, रसाला पहिला नंबर. पिकरिंग, छोटं झाड, नारळासारखा गोडवा, कापून खायला. लेमन झेस्ट, नावाप्रमाणे आंबटगोड. आणि मल्लिका. मल्लिका आपल्याकडची, नीलम आणि दशेरीचा संकर, आणि इथे लोक तिला फार जपतात.

मल्लिका झाडावर पिकू देत नाहीत, कडक तोडतात. बागवाल्याने सांगितलं, घरात सावलीत, उबेला, फ्रीजमध्ये अजिबात नाही, दोन ते तीन आठवडे धीर धरा. म्हणजे आढीच. खोक्यात वर्तमानपत्र, आंबे देठ खाली करून, मध्ये अंतर, वर परत कागद. रोज हात फिरवायचा, पहिला नरम पडला तो पुढे काढायचा. आधी साल हिरवट पिवळी, मग फिकट सोनेरी आणि किंचित सुरकुतलेली, तेव्हा कापायचा. सासूबाई फोनवर रोज विचारतात आढीचं काय झालं. काळे ठिपके आले एखाद्यावर तर तो आधी संपवायचा, इथल्या पावसाळी हवेत तो रोग असतोच.

३ ऑगस्ट २०२५

पहिले आंबे कापले काल. रस केला, वेलची नाही, काहीच नाही, चिमूटभर मीठ फक्त. पुऱ्या. बोलवलेल्या दोन घरांपैकी एकांनी मागच्याच महिन्यात जॅक्सनव्हिलहून सामान हलवलंय, त्यांना शीटचं लिंक दिलं, त्यांच्याकडून पूर्वेकडच्या किनाऱ्याच्या वस्तू त्यात येतील. मल्लिकाचं रोप मिळतंय का बघायचं, कुंडीत, थंडीत आत घेता येईल असं.

राहिलेलं: सीताफळ आणि चिकू ताजे कुठे, होमस्टेडला एक सहल ऑक्टोबरात, तिथल्या फ्रूट अँड स्पाइस पार्कमध्ये शेकडो जातींची झाडं आहेत ती बघायची. तोंडली अजून भारतीय दुकानाबाहेर कुठेच दिसली नाहीत, थाई देवळात विचारायचं, ते पाला खातात तोंडलीचा. चवळीच्या ओल्या शेंगा उन्हाळ्यात स्टँडवर येतात, सोलून पिशव्या, त्या या आठवड्यात. आणि ओल्या भुईमुगाच्या शेंगा आल्यात आता, विलिस्टनच्या बाजूला रस्त्यावर मोठ्या हंड्यात मिठाच्या पाण्यात उकडून विकतात. शनिवारी जायचं, कच्च्या आणायच्या, पाच पाउंड तरी.